बिनइस्त्रीचं बेट

३ मार्च

अक्का,

साष्टांग नमस्कार. प्रत्यक्ष घातला असता, पण पँट चुरगळेल आणि दुसरी अजून वाळलेली नाही. तेव्हा हा कागदावरचाच मानून घे.

फोन सोडून पत्र का, असं विचारू नकोस. परवा मी फोनवर ओरडून "पोहोचलो" म्हणालो, तर तू "पोहे सुकले" असं ऐकून म्हणालीस, "मग थोडं पाणी घाल की." तुझे कान आणि माझा घसा दोन्ही वाचावेत म्हणून हे पत्र. इथून आठवड्यातून दोनदा टपालाची बोट सुटते.

बेट सुंदर आहे. तसं म्हणावंच लागतं, जावईबापूंनी वर्षानुवर्षं साठवलेली रजा इथे खर्ची घातली आहे. समोर समुद्र, मागे नारळ, मध्ये आमचं हॉटेल. हवा अशी की आंघोळ करून टॉवेल लावला तर तो अंग पुसतोय की भिजवतोय ते कळत नाही. आणि माणसं! सगळी दुनिया अर्ध्या चड्डीत. कोण साहेब, कोण त्याचा ड्रायव्हर, काही पत्ता लागत नाही. बेबीने माझ्यासाठीही तीन फुलाफुलांचे शर्ट आणलेत. एक घालून आरशात बघितलं. पडद्यामागून कोणीतरी डोकावतंय असं वाटलं, नीट पाहिलं तर मीच होतो.

आता मुद्द्याचं. बंदरावर बेबीने माझी बॅग उघडली आणि बनियनांच्या घडीतून माझी छोटी इस्त्री बरोब्बर बाहेर काढली. पोलिसात जायला हवी होती ही मुलगी. म्हणाली, "बाबा, इस्त्रीला हात लावायचा नाही. पुन्हा तोच प्रकार नको." प्रकार म्हणजे काय, तर गेल्या महिन्यात घरी टेबलावर रुपयाएवढा डाग पडला. तेवढ्यासाठी घरची इस्त्री तिने आधीच उचलून नेली होती, आता हीपण गेली.

एवढ्यावर थांबली असती तर ती माझी मुलगी कसली! बोटीवर समोर बसली आणि म्हणाली, "हे सहा आठवडे मी बघणार आहे. तुमचं तुम्हाला जमतंय असं वाटलं, तर परत तुमच्या घरी सोडते. नाही वाटलं, तर तुमचं सामान आमच्याकडे हलवायचं." म्हणजे चौऱ्याहत्तराव्या वर्षी माझी परीक्षा, आणि परीक्षक कोण, तर जिला मी बाराखडी शिकवली ती.

मला माझ्या घरी परत जायचंय, अक्का. दोन खोल्या आहेत, पण खिडकी कधी उघडायची आणि दिवा कधी मालवायचा हे मी ठरवतो. ते मी सोडणार नाही.

चौतीस वर्षं बसमध्ये तिकिटं तपासली. एक गोष्ट शिकलो. चेकरच्या शर्टाला कडक इस्त्री असली की माणूस आपणहून खिशात हात घालतो. चुरगळलेला चेकर दिसला की वाद घालतो. बेबीसमोर मी चुरगळलेला बसणार नाही. फुलांचे शर्ट तर मुळीच नाहीत.

तू नर्स असताना आडगावच्या दवाखान्यांत वीज नसायची, तरी तुझा युनिफॉर्म कागदासारखा असायचा. कसा, ते सगळं लिही आणि लवकर लिही. माझ्याकडे दोन पांढरे शर्ट, दोन पँटी आणि उरलेलं आयुष्य आहे.

तुझा, अजून तरी ताठ असलेला,
धाकटा

—

८ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद आहेतच, ते काय खाऱ्या हवेने सादळत नाहीत.

पत्र वाचून इतकी हसले की खालच्या बाई वर येऊन विचारून गेल्या. मग राग आला. बाराखडी शिकवली म्हणे! तिला पोहायला शिकवायला हवं होतं, आत्ता समुद्रात असती आणि तुझ्या बॅगेत नाक खुपसलं नसतं.

नीट वाच. समुद्राच्या हवेत कापडात मीठ उतरतं, आणि मीठ ओल धरून ठेवतं. म्हणून शर्ट रोज धू आणि शेवटचं पाणी भरपूर गोडं घे. पिळू नकोस. पिळलास की संपलं. टॉवेलात गुंडाळून दाब, पाणी टॉवेल पितो. मग हँगरवर घाल, वरचं बटण लाव, कॉलर आणि पट्टी ओल्या तळव्याने खाली ओढत जा. उन्हात नको, पंख्याखाली वाळव.

पँटीला क्रीज हवी तर ती अर्धवट ओली असताना शिवणीला शिवण जुळव आणि गादीखाली दोन टॉवेलांच्या मध्ये घाल. वर तू झोप. पण झोप म्हणजे प्रेतासारखा सरळ, कूस बदलायची नाही. तू लहानपणी झोपेत माझ्या पोटात लाथा मारायचास, तेव्हा हे जड जाईल.

कॉलर आणि बाहीच्या कफांसाठी स्टीलचा पेला घे. बूड सपाट पाहिजे. खोलीत चहाची किटली असेल, तिच्यातलं उकळतं पाणी पेल्यात भर, कडेला रुमाल धर, आणि फिरव. छोटी इस्त्रीच ती. खळ मात्र अजिबात घालू नकोस, दमट हवेत चिकट होते, शर्ट पाठीला डकवल्यासारखा बसेल.

आणि हे सगळं गुपचूप. बेबीला ताकास तूर लागू देऊ नकोस, नाहीतर उद्या किटली आणि परवा गादी काढून घेईल.

एक सांगते. हे मी निव्वळ तुझ्या प्रेमापोटी करत नाहीये. तुझा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी माझा मुलगा टेम्पो घेऊन दारात उभा राहील. "मामा गेले की, आता तूपण चल." मी एकोणऐंशीची आहे आणि मला माझ्याच ओट्यावर चहा करायचा आहे. तेव्हा हरू नकोस.

अक्का

ता. क. तुझ्या घराच्या किल्ल्या माझ्याकडेच आहेत. पुढच्या आठवड्यात झाडांना पाणी घालून येईन.

—

१४ मार्च

अक्का,

तुझ्या पायाचं तीर्थ घ्यायला हवं. पेला चालतो! दोन दिवस बोटं भाजली, पण कॉलर अशी झाली की मान वळवताना तिचा विचार घ्यावा लागतो.

पँटीचंही जमलं. पहिल्या रात्री कूस बदलली आणि सकाळी एका पायाला दोन क्रिजा निघाल्या. आता छातीवर हात ठेवून झोपतो. सकाळी जाग आली की आधी आपण जिवंत आहोत का ते बघतो, मग क्रीज बघतो. दोन्ही ठीक.

रोज सकाळी पांढरा शर्ट, काळी पँट, पट्टा, पॉलिश केलेले बूट, असा मी न्याहारीला उतरतो. बेबी फुलांच्या शर्टांची आठवण करते. मी म्हणतो, "ठेवलेत जपून." जावईबापू पेपरात तोंड घालतात. गरीब माणूस आहे. दोन भांडणाऱ्यांच्या मध्ये बसायचं म्हणजे पेपर हवाच.

आता गंमत ऐक. परवा जिन्यापाशी एक बाई आली आणि म्हणाली, "आमच्या नळाला कालपासून पाणी नाही." मी म्हटलं, अरेरे. ती म्हणाली, "तुम्ही काहीतरी करा." तेव्हा उजेड पडला. सगळ्या हॉटेलात धड कपड्यांतला माणूस मी एकटा, म्हणून तिला मी मॅनेजर वाटलो! नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण ती इतकी आशेने बघत होती की खोली कोणती ते विचारलं आणि खाली जाऊन खऱ्या मॅनेजरला सांगितलं. तो बनियनवर बसला होता. दुपारी नळाला पाणी आलं.

तेव्हापासून रांग लागली आहे. कोणाचा पंखा, कोणाची उशी, कोणाच्या खिडकीत माकड. मी ऐकतो, खाली जाऊन दरडावतो आणि काम होतं. खरा मॅनेजर आता मला बघून उभा राहतो. निवृत्त झाल्यापासून इतकं बरं वाटलं नव्हतं.

बेबी हल्ली माझ्याकडे टक लावून बघते. मला वाटतं, निकाल आपल्या बाजूने झुकतोय.

धाकटा

—

१६ मार्च

आत्या,

तुला हे लिहावं की नाही हे चार दिवस ठरत नव्हतं. बाबांना कळू देऊ नकोस.

बाबांचं काहीतरी बिघडलंय. मला आधीपासून संशय होता, पण इथे चोवीस तास समोर असल्यामुळे दिसतंय. परवा रात्री त्यांच्या खोलीत दिवा दिसला म्हणून डोकावले. पलंगावर शर्ट पसरला होता आणि बाबा त्याच्यावर पाण्याचा पेला फिरवत होते. हळूहळू, प्रेमाने, आणि तोंडाने "हां, आता कसं, शहाण्यासारखं" असं बोलत होते. पेल्याशी, आत्या! मी आवाज न करता परत आले आणि यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

सकाळी खोली झाडायला बाई आली, तिने मला बोलावून दाखवलं. गादीखाली पँट होती, टॉवेलात गुंडाळून लपवलेली. आणि ते झोपतात कसे माहीत आहे? हात छातीवर, पाय जुळवलेले, जरा हालचाल नाही. मी दारातून बघते आणि छाती वरखाली होतेय का ते तपासते.

सगळ्यात वाईट म्हणजे त्यांना आपण या हॉटेलचे मॅनेजर आहोत असं वाटायला लागलंय. लोक त्यांना तसं म्हणतात आणि ते मान डोलावतात. काल एका पाहुण्याला म्हणाले, "तुमची उशी सकाळपर्यंत बदलून मिळेल." मी ऐकलं.

तुला माहीत नाही गेल्या महिन्यात काय झालं ते. इस्त्री तशीच टाकून विसरले. नुसता डाग नव्हता. धूर जिन्यात आला तेव्हा समोरच्या कंपाउंडरकाकांनी दार ठोठावलं. पाच मिनिटं आणखी गेली असती तर? मला आता रात्र रात्र झोप येत नाही. आई होती तेव्हा मी निर्धास्त होते. आता त्यांना घरी एकटं ठेवायचा धीर माझ्यात नाही. तू म्हणशील, हे वाईट दिसेल, पण मी ठरवलंय.

बेबी

—

२१ मार्च

धाकट्या,

हे पत्र बसून वाच, पँट गेली खड्ड्यात.

काल तुझ्या घरी गेले होते. रुपयाएवढा डाग काय रे? टेबलाला ताटाएवढं भोक आहे. भिंत पार कॅलेंडरपर्यंत काळी झालीय आणि फेब्रुवारी महिना तर जळूनच गेलाय. मी आयुष्यभर भाजलेली माणसं पाहिली आहेत, मला धुराचा काळेपणा किती वेळाचा ते कळतं. तू मला खोटं सांगितलंस. मला! जिने तुझा शेंबूड पुसला तिला!

मी तिथे उभी असतानाच कंपाउंडर एका माणसाला घेऊन आला. त्याच्या हातात मोजपट्टी. तुझं लाकडी कपाट मोजायला आला होता. जावईसाहेबांनी पाठवलंय म्हणे, त्यांच्या मागच्या खोलीत बसतं का बघायला. खोलीला रंग लावून झालाय, फिकट हिरवा. केव्हा, असं विचारलं तर म्हणाला फेब्रुवारीत. म्हणजे तू बोटीत बसायच्या आधीच निकाल लागला होता. तू तिथे परीक्षेचा अभ्यास करतोयस आणि त्यांनी गुणपत्रिका लिहून ठेवलीय.

आणि वर आपलं हात दाखवून अवलक्षण. बेबीचं पत्र आलंय. तिने "सांगू नकोस" लिहिलं होतं, पण माझं वय आता गुपितं पेलायचं नाही. पेला फिरवताना तिने तुला पाहिलं. पँट सापडली. तू स्वतःला मॅनेजर समजतोस असं तिला वाटतंय. ज्या युक्त्यांनी तू ताठ दिसणार होतास त्याच तिच्या लेखी वेडाची लक्षणं ठरल्यात. गुपचूप कर हे मीच सांगितलं होतं, तेव्हा त्यातला अर्धा वाटा माझा.

पण ते टेबल माझ्या वाट्याचं नाही. विसरलास का तू खरंच? विसरला असशील तर तसं लिही, लाज वाटून घेऊ नकोस. मग मी स्वतः तुला सांगेन की जा बाबा लेकीकडे. पण खरं लिही. पुन्हा खोटं बोललास तर मी बेबीच्या बाजूची.

अक्का

—

२६ मार्च

अक्का,

फिकट हिरवा! मला विचारलं असतं तर पांढरा तरी सांगितला असता.

तुझं पत्र वाचल्यावर तीन तास समुद्रावर चाललो. पॉलिशचे बूट वाळूत. संतापाने डोकं फुटायची वेळ आली होती. परत आलो, शर्ट धुतला, टॉवेलात दाबला आणि हँगरवर घातला. आता लिहितो.

मी विसरलो नव्हतो. आयुष्यात इस्त्री विसरलेलो नाही. बेबीची आई म्हणायची, ही इस्त्री म्हणजे माझी सवत आहे, तिच्याकडे हे कधी पाठ करत नाहीत.

झालं ते असं. बेबी रोज सकाळी नऊला फोन करते. तीन घंट्यांत उचलला नाही की ती ठेवते आणि समोरच्या कंपाउंडरला फोन लावते. तो दोन्ही मुठींनी दार बडवतो आणि "आहात का? आहात का?" म्हणून ओरडतो. मजल्यावरची दारं पटापट उघडतात. एकदा मी आंघोळीत होतो. टॉवेल गुंडाळून दार उघडलं तर अख्खा मजला समोर, आणि मी जिवंत निघालो म्हणून दोघातिघांचा चक्क हिरमोड झालेला. तेव्हापासून कानाला खडा. फोन वाजला की धावायचं. हातात काहीही असो.

त्या दिवशी हातात इस्त्री होती. टेबल स्वयंपाकघरात, फोन पुढच्या खोलीत, आणि माझा गुडघा तुला माहीतच आहे. पहिल्या घंटेला निघालो, तिसऱ्या घंटेला पोहोचलो. इस्त्री मी उभी ठेवली असं मला वाटलं. ती आडवी होती. बेबी खूप वेळ बोलली. काय बोलली सांगू? गॅस बंद करत जा, नळ बघत जा, खिडकीची कडी लावत जा. मी हो हो म्हणत होतो आणि मागे टेबल जळत होतं. मला वास आला, तेव्हा मी फोन ठेवायला बघत होतो तर म्हणाली, "बाबा, माझं बोलणं कधी पूर्ण ऐकता का?" म्हणून पूर्ण ऐकलं.

हे तिला सांगितलं नाही आणि तूही सांगायचं नाहीस. मी वेडा ठरलो तर एक वेळ चालेल. पण आपल्या फोनमुळे बाप जळाला असता हे तिच्या डोक्यात गेलं, तर ती आयुष्यभर फोन हातात घेताना दचकेल. तिची काळजी मला नको आहे, पण तिला दचकलेलं बघायचंही नाही.

मात्र त्या हिरव्या खोलीत मी जाणार नाही. बोट सुटेल तेव्हा उचलून न्यावं लागेल, आणि मी उचलायला जड आहे. उद्याही पांढरा शर्ट आणि काळी पँट. वेडा तर वेडा, पण क्रीज सरळ.

धाकटा

—

३१ मार्च

बेबी,

तुझं पत्र मिळालं. त्याला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण आधी राग निवायची वाट बघत होते. निवला नाही, तेव्हा तसंच लिहितेय.

पेला माझा. गादीखालची पँटही माझी. प्रेतासारखा झोप हेसुद्धा मीच सांगितलं. तू इस्त्री काढून घेतलीस म्हणून मी त्याला पत्राने शिकवलं, आणि तुला सांगू नकोस म्हणूनही मीच बजावलं. पेल्याशी बोलतो म्हणतेस? तो बसच्या दांड्याशीही बोलायचा. तुझ्या जन्माआधीपासून. मॅनेजरचं म्हणशील, तर खाली जाऊन त्या खऱ्या मॅनेजरला विचार, उशा कोणामुळे बदलल्या जातात.

तुझा बाप वेडा नाही, हट्टी आहे. त्याच्यावर औषध नाही. असतं तर मी नर्स होते, लहानपणीच पाजलं असतं. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, ही आमच्या घराण्याची खोड आहे. आरशात बघ, तुझ्यातही उतरलीय.

आणि परीक्षा घ्यायची तर खोलीला रंग आधी लावत नाहीत. मला कळलंय. त्यालाही कळलंय.

टेबलाचं काय झालं ते मला माहीत आहे. सांगणार नाही, शब्द दिलाय. पण तुला तुझ्या डोळ्यांनी बघायचं असेल तर असं कर. सकाळी त्याला इस्त्री नेऊन दे. त्याच्या समोर पहारा देत बसू नकोस, आपल्या खोलीत जा. आणि मग एरवी त्याच्या घरापासून लांब असतेस तेव्हा सकाळी जे जे करतेस, ते सगळं नेहमीच्या वेळी कर. एकही गोष्ट गाळू नकोस.

आत्या

—

६ एप्रिल

अक्का,

तू शब्द पाळलास की मोडलास हे मी अजून ठरवतोय.

काल सकाळी बेबी आली. हातात हॉटेलच्या धुलाईखान्यातली इस्त्री, जुनी, जड, अगदी आपल्या जमान्यातली. टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "आत्याने सांगितलंय." डोळे सुजलेले होते. मी काही विचारायच्या आत निघून गेली.

इतक्या दिवसांनी इस्त्री हातात आली! मी सगळं विसरून उभा राहिलो. पलंगावरची चादर टेबलावर दुहेरी घातली, बोट ओलं करून बूड तपासलं, चर्र झालं. शर्ट घेतला. आधी कॉलर, मग खांदा, मग बाही. पेला तो पेला आणि इस्त्री ती इस्त्री.

पाठ घ्यायला सुरुवात केली आणि खोलीतला फोन वाजला.

खरं सांगतो, मला एका क्षणात आपलं घरच दिसलं. पाय निघालेसुद्धा. हात खाली गेला आणि इस्त्री आडवी कापडाला टेकली. टेकली, अक्का! तेव्हा मला कळलं की त्या दिवशी हे असंच झालं होतं. दुसरी घंटा झाली. मी तिथेच थांबलो. मनात म्हटलं, वाज लेका. किती वाजायचं ते वाज. आज मी धावणार नाही. कंपाउंडर येऊ दे, मजला येऊ दे, सगळं बेट येऊ दे.

इस्त्री उचलली. पाठ पूर्ण केली, कारण अर्धी पाठ सोडली की रेघ पडते. इस्त्री उभी केली, प्लग काढला, शर्ट हँगरवर घातला, वरचं बटण लावलं. फोन वाजतच होता. मग गुडघ्याच्या चालीने फोनकडे निघालो.

तोवर दार धाडकन उघडलं. बेबी! एका पायात चप्पल, कानाला मोबाईल, पांढरीफटक. मागे जावईबापू, तोंडाला दाढीचा फेस. मी त्यांच्यासमोरून शांतपणे गेलो, फोन उचलला आणि म्हणालो, "हॅलो. इस्त्री करत होतो. संपवली, मग आलो."

ती समोर उभी राहूनही मोबाईलमध्येच बोलली. "बाबा, त्या दिवशी तुम्ही उचलला होता. पहिल्या तीन घंट्यांत."

"उचलला होता," मी फोनमध्ये म्हणालो.

"धावत आला होता?"

"तुझा कंपाउंडर दार फोडतो."

"आणि मी तेव्हा किती वेळ बोलत होते?"

तिने टेबलाकडे बघितलं. उभ्या इस्त्रीकडे बघितलं. मग मोबाईल खाली आला आणि ती पलंगावर बसली. जे मला तिच्यापासून लपवायचं होतं ते तिचं तिने शोधून काढलं. जावईबापू फेसासकट बाहेर गेले. शहाणा माणूस आहे, मी उगाच पेपरवरून बोलतो.

मी म्हटलं, "चूक कोणाचीच नाही. पण मी आता धावणार नाही. आणि हिरव्या खोलीतही येणार नाही. तुम्ही दोघं भांडाल तेव्हा एकाला कामी येईल ती." मला वाटलं आता वाद होईल. मी तयारीत होतो, सगळे मुद्दे पाठ होते. तर ती म्हणाली, "मग मी रोज नऊ वाजता काय करू?"

अक्का, तीन वर्षं मी समजत होतो की ही माझ्यावर पाळत ठेवते. नऊ ही तिची आणि तिच्या आईची बोलायची वेळ होती. रोज नऊला दोघींचं चालायचं, मी पेपर वाचत असायचो. आई गेली, तर दुसऱ्या दिवसापासून नऊला तो फोन मी उचलायला लागलो. तिला मी आहे का ते बघायचं नव्हतं, कोणीतरी उचलतंय का ते ऐकायचं होतं. हे मला काल कळलं, आणि फार वाईट वाटलं.

पण वाईट वाटलं म्हणून मी घर सोडणार नाही. मी तिच्याजवळ बसलो आणि म्हणालो, "फोन कर. रोज कर. पण वाजू दे. मी हातातलं संपवून येईन. नाहीच आलो तर दुपारी कर. दुपारीही नाही आलो, तर सावकाश ये. तेव्हा घाई करून काही उपयोग नसेल."

"बाबा!" म्हणाली आणि माझ्या दंडावर गुद्दा मारला. चांगला लागला. मग हसायला लागली, मग रडायला लागली, मग दोन्ही एकदम.

शनिवारच्या बोटीने निघतोय. बेबी मला माझ्या दारात सोडणार, आणि कंपाउंडरला दार बडवायची गरज नाही हे स्वतः सांगणार. टेबल नवीन घ्यावं लागेल. भिंतीला रंग मी निवडणार. तुझ्या मुलाला हे सगळं वाचून दाखव, मोठ्याने.

हे लिहायला बसण्याआधी मात्र एक काम करावं लागलं. रडताना बेबीने हाताला सापडेल त्याने नाक पुसलं, आणि हाताला सापडला तो हँगरवरचा माझा शर्ट. नुकताच झालेला. तिच्या हातातून सोडवून घेतला, धुतला, टॉवेलात दाबला. अर्धवट ओला होता तेव्हाच प्लग लावला आणि पुन्हा कॉलरपासून सुरुवात केली. ती उशी टेकून बघत बसली. मध्येच म्हणाली, "बाबा, डावी बाही राहिली."

"दिसतेय मला," मी म्हटलं.

धाकटा